धरलेला पट्टा

बुरुलनं किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, बाजारामागं, पाचमजली इमारतीच्या तळघरात पट्ट्याच्या कुस्तीची तालीम काढली, तेव्हा त्या आळीत रात्री लावलेल्या गाडीला सकाळी चाकं असतीलच असं नव्हतं. चाकं काढणारी पोरंच तिनं बकोट धरून आणली. कमरेला जाड कापडी पट्टे बांधले आन् बजावलं, "समोरच्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा. त्याची पाठ जमिनीला लागंस्तवर सोडायचा न्हाई. सोडला तो हरला."

एकमेकांना आपटून पोरं अशी पेकाळायची, की चाकं काढायला अंगात जीव उरायचा नाही. आळी निवांत झाली. सगळे बुरुलला 'एजे', म्हणजे थोरली बहीण, म्हणायला लागले.

तेच नडलं. नगरपालिकेचा एसेनबेक हसत हसत कुलूप घेऊन आला.

"अभिनंदन, बुरुल एजे! तुमच्या आळीत आता चोऱ्याच नाहीत. मग वाया गेलेल्या पोरांचा कार्यक्रम इथं कशाला? तळघर गोदामाला दिलंय."

"आन् पोरांनी कुठं मरायचं?"

"वाढल्या चोऱ्या, तर करा की परत अर्ज."

कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून तो गेलासुद्धा. पोरं पट्टे बांधून पायरीवर बसली. त्यातला थोरला तैरबेक डोकं खाजवत म्हणाला, "एजे, सोपं हाय की. आज चार गाड्यांची चाकं काढतो. तालीम परत मिळंल."

बुरुलनं त्याच्या कानाखाली जाळ काढला. पोरगं चुकीचं बोललं नव्हतं, म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरलं. मग एसेनबेकानं शिकवलेलं खरं, आन् तिनं इतकी वर्षं 'चोरी करू नका' म्हणून घसा फोडला ती झक मारली!

ती तशीच तरातरा कचेरीवर गेली. मागनं पोरं. एसेनबेक गाडीचं दार उघडत होता. तिनं त्याच्या विजारीचा पट्टा दोन्ही मुठींत आवळला आन् त्याला चवड्यांवर उचलला.

"एजे! लोक बघतायत!"

"बघू देत की. चोरी न करणाऱ्या पोरांना रस्त्यावर काढणारा मुडदा कसा दिसतो, कळू दे त्यांला."

"सोडा ओ, विजार सुटंल!"

"सायेब, तुमी बी धरा!" मागनं तैरबेक ओरडला. गाल अजून लालच होता. "न्हाईतर हरलात!"

एसेनबेकाचा एक हात बुरुलच्या मनगटावर होता. दुसरा किल्ली काढून द्यायला खिसा चाचपायला लागला. पाठ अजून लागली नव्हती. बुरुलनं मूठ आणखी आवळली.