सात हजारांची जाळी

फोन किराणावाल्या काकूंच्या दुकानात आला. मी बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालत होते, अंगाला साबण लावलेला, आणि काकू पळतच आल्या, पायात चप्पल नाय, म्हणाल्या सुभाषला लागलंय, चल. मी विचारलं किती लागलंय, तर त्या बाळाच्या अंगावर पाणी ओतायला लागल्या, माझ्याकडं बघेनात... तेव्हाच कळलं मला. बाळाच्या कानामागं साबण तसाच राहिला होता, संध्याकाळी कुणीतरी पुसला. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाय मला, पण इथं लिहिलं पायजे म्हणून लिहिलं. एरवी आमचे हे, नायतर सोनीचे पप्पा. मी आठवीपर्यंत शिकलेय, तीही अर्धी, चुकलं तर समजून घ्या. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरती हाय, ती कुणाला तरी सांगितल्याबिगर मला जेवण जायचं नाय.

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत ह्यांचं ग्रीलचं काम होतं. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, गेट. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आत वेल्डिंगचं मशीन आणि ग्राइंडर, काम सगळं बाहेर रस्त्याच्या कडेला. डोळे कायम लाल. मी बटाट्याच्या चकत्या ठेवायचे डोळ्यांवर, तर म्हणायचे, "भाजीचा बटाटा डोळ्यावर घातलास, आता भाजीत काय घालशील?" असं बोलायचे, हसायचे नाय मात्र. दुसऱ्याला हसवायचे.

काम धरताना ते पैसे घेत नसत. गिऱ्हाइकानं एक सुपारी आणि सव्वा रुपया द्यायचा, बस. निफाडला ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडं शिकले त्यांची ही पद्धत. सव्वा रुपया देवाच्या फोटोपुढं, आणि सुपारी कागदात गुंडाळून, वर नाव टाकून, पत्र्याच्या डबीत. काम बसवून झालं, गिऱ्हाइकानं दोनदा गेट उघडून लावून बघितलं, की तिथंच सुपारी फोडायची, निम्मी त्याला, निम्मी आपल्याला. मग पैसे मागायचे. लोखंड सगळं आधी आपण आणायचं, उधारीवर. लग्न होऊन आले तेव्हा मला लय कौतुक वाटलं होतं. सोनी झाली, दूध विकत घ्यायला लागलं, तेव्हा कौतुक गेलं.

शेजारच्या शेडमध्ये रशीदभाई, त्यांचंही वेल्डिंगचंच. ते माप घ्यायच्या आधी निम्मे पैसे घ्यायचे. ह्यांना म्हणायचे, "अबे सुभाष, टेलरसुद्धा कापड तुझंच मागतो ना शर्ट शिवायला? तू तर कापड पण तुझं, बटन पण तुझं, आणि शर्ट नाय आवडला तर तो पण तुझाच!" आणि खरंच तसंच झालं. त्र्यंबक रोडला एक बंगला होता, त्याचं मोठं गेट ह्यांनी केलं, वर घराचं नाव, शांताई, अक्षरं वाकवून वाकवून बनवलेली, त्या अक्षरांनाच आठ दिवस गेले. तयार झालं आणि बंगलेवाला म्हणाला, मेहुण्याच्या ओळखीत स्वस्तात मिळालं, तुमचं राहू द्या. खिडकीची जाळी एकाच खिडकीला बसते, तसं गेट एकाच घराचं. दुसऱ्याचं नाव असलेलं गेट कोण घेणार? ते शेडला टेकून राहिलं. माझी सोनी त्या शांताईला धरून उभं राहायला शिकली.

मी भांडले. लय भांडले. सुपारीवर घर चालत नाय म्हणलं. तर ह्यांनी मला त्यांच्या लहानपणचं सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. गावाकडं ह्यांच्या वडलांनी घर बांधायला काढलं होतं, ठेकेदाराला पैसे आधीच दिले. भिंती गुडघ्याएवढ्या आल्या आणि तो माणूस गेला तो गेलाच. चार वर्षं त्या गुडघ्याएवढ्या भिंतींवर ताडपत्री टाकून राहिले. कुत्रं भिंत ओलांडून चुलीपाशी यायचं. हे तेव्हा नऊ वर्षांचे, वडलांबरोबर एसटी स्टँडवर जाऊन बसायचे, तो ठेकेदार कुठल्या गाडीतून उतरतो का बघायला. "दादा त्याला शिव्या देत नव्हते," हे वडलांबद्दल म्हणाले, "म्हणायचे, त्याची अडचण असेल. मला त्याचाच राग यायचा." आणि मग म्हणाले, "दुसऱ्याचा पैसा खिशात घालून मी कुणाच्या दारात जाणार नाय."

मी गप बसायला पायजे होतं का? पण बाळ पोटात होतं, लोखंडवाल्या शेठनं उधारी बंद केली होती. म्हणलं तुमच्या वडलांचं झालं ते झालं, माझ्या पोरांनी काय केलंय? पुढचं गिऱ्हाईक आलं की मीच मागणार. त्यांनी ग्राइंडर चालू केला, म्हणजे माझं ऐकू येऊ नये.

मधी बारीकसारीकच कामं आली, मोठं म्हणावं असं पुढचं गिऱ्हाईक गिरजामावशी निघाली. बाळ तेव्हा सहा महिन्यांचं. निफाडच्या रस्त्याला मावशीचा मळा, झेंडू आणि शेवंती लावतात, पहाटे फुलं बाजारात देऊन ती रिकामी टोपली घेऊन आली. घर एका खोलीचं, पुढं पडवी, आणि पडवीत नातू झोपतो. शेजारच्या उसात बिबट्या आलेला. दोनदा पडवीपर्यंत येऊन गेला, पायांचे ठसे तिनं बोटं पसरून दाखवले. "पडवीला जाळी करून दे बाबा, वरपासून खालपर्यंत. पोरगं आत कोंबायला जागा नाय, सून बाळंतीण हाय."

ह्यांनी माप विचारलं, सुपारी मागितली. आणि मी मधी बोलले. म्हणलं मावशी, निम्मे पैसे आधी लागतील, लोखंड महाग झालंय. मावशीनं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. "तुझ्या मालकानं नाय मागितले."

"मी मागते," म्हणलं.

तिनं कंबरेची पिशवी सोडली. सात हजार. नोटांना झेंडूचा वास होता. ह्यांनी हात पुढं केला नाय, मीच घेतले. सुपारी तेवढी ह्यांनी घेतली, कागदावर लिहिलं, गिरजामावशी, पडवी.

आता खरं लिहिते. ते पैसे जाळीला लागले नायत. मी त्याच दुपारी शेठकडं गेले आणि शांताईच्या लोखंडाचे देऊन टाकले. मला वाटलं मागचं फिटलं की नवीन माल मिळेल. शेठनं पैसे मोजले, गल्ल्यात टाकले, आणि म्हणाला, हे मागचे झाले, जाळीचं लोखंड निम्मं घेऊन जा, बाकीचं रोखीनं. ह्यांना सांगितलं तेव्हा हे शेडच्या पायरीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "म्हणजे मावशीच्या पैशानं आपण शांताईचं गेट घेतलं." एवढंच.

मग रोज दुसऱ्याची चार-दोनशेची कामं करून हे जाळीच्या सळया जमवायला लागले. मावशी दर दोन दिवसांनी बाजारातून येताना थांबायची. पहिल्यांदा नीट विचारलं. मग एकदा सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "काय रे सुभाष, बिबट्याला सांगू का, पुढच्या आठवड्यात ये म्हणून?" लोक हसले. हे पण तोंडातल्या तोंडात हसले, आणि मावशी निघून गेल्यावर शेडच्या मागं जाऊन उभे राहिले. मला माहीत हाय ते तेव्हा कुठं होते. एसटी स्टँडवर होते, नऊ वर्षांचे. फक्त आता गाडीतून उतरणारा माणूस तेच होते.

खाली-वरची चौकट बसवून झाली, निम्म्याच्या वर जाळीही झाली. त्या दिवशी अवकाळी पाऊस होता, सकाळपासून थांबून थांबून. मी म्हणलं, आजचा दिवस राहू द्या, सगळं ओलं हाय, वायरला जोड हाय तुमच्या. ते चप्पल घालत होते, बूट फाटले होते म्हणून चप्पल. "पैसे घेतले नसते तर थांबलो असतो," म्हणाले. रागानं नाय. भाजीत मीठ कमी हाय असं सांगावं तसं. टेम्पोत मशीन चढवलं, सोनीला म्हणाले संध्याकाळी येताना फुलं आणतो, आणि गेले...

पडवीपुढं चिखल झाला होता म्हणे. वायरचा जोड चिखलात होता. मावशीच्या सुनेनं बटण बंद केलं तोवर झालं होतं.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी मावशी आमच्या दारात आली. मी खिडकीतून टोपली बघितली आणि दाराला आतून कडी घातली. बाळाच्या तोंडावर हात ठेवला, रडू नये म्हणून. सात हजार कुठून द्यायचे? घरात सातशे नव्हते. सोनीला खुणेनं गप केलं. चार वर्षांची पोर, ती लगेच गप झाली, तेच मला जास्त लागलं.

मावशीनं दार वाजवलं नाय. पायरीवर बसली. "आत हायेस तू, माहीत हाय मला," म्हणाली. "बाळाचं दुपटं वाळत घातलंस, अजून ठिबकतंय. उघडू नको, बस आत. मी बोलते तेवढं ऐक. माझ्या दारात माणूस गेला, माझ्या डोळ्यांपुढून हलत नाय. पण परवा कुत्रं नेलं गं बिबट्यानं. वरच्या उघड्या जागेतून आला, आणि नातवाच्या अंथरुणापासनं दोन हातांवरून नेलं. पैसे नको मला. माझी जाळी पुरी कर."

मी कडी काढली. तिनं बाळाला घेतलं माझ्याकडून, त्याच्या तोंडाभोवती माझी बोटं उठली होती, ती बघितली तिनं.

रशीदभाईंकडं गेले. ते म्हणाले, "भाभी, मजुरी नको मला. पण सळया तर आणाव्या लागतील, त्याचे..." आणि थांबले, त्यांनाच लाज वाटली. म्हणलं रशीदभाई, मागा, तुम्ही नाय मागितले तर तुमचंही आमच्यासारखं होईल. मशीन घेऊन जा. नवी वायर टाका, आणि मशीन ठेवून घ्या तुम्हीच, मला ते घरात बघवत नाय. त्यांनी मशीनची किंमत लावली, सळयांचे कापून उरलेले माझ्या हातात ठेवले. आणि परत लागलेला पाऊस पूर्ण थांबेपर्यंत पाच दिवस हात लावला नाय कामाला. मावशीनंही घाई केली नाय.

आता गल्लीतले लोक मला सांगतात, काम करणाऱ्यानं आधी पैसे घ्यावेतच, सुभाष भोळा होता. माझी सासू म्हणते, घेतले म्हणून गेला. मला दोन्ही ऐकवत नाय. नाय घेतले तर शांताई दारात उभी राहते, तेही मी बघितलंय. घ्यावेत, पण ज्याचे घेतले त्याच्याच लोखंडाला लावावेत. नायतर उचलून बाजूला ठेवावेत, म्हणजे पाऊस आला तर माणसाला म्हणता येईल, मावशी, हे तुमचे पैसे, आज माझ्यानं होत नाय. ते सात हजार डबीत असते तर हे त्या दिवशी घरी असते. डबीत का नव्हते, ते मी वर लिहिलंय.

जाळी पूर्ण झाली त्या दिवशी मी गेलते, बाळाला कडेवर घेऊन, सोनीचं बोट धरून. डबी नेली होती. रशीदभाई सुपारी फोडेनात, म्हणाले ही माझ्या हातची नाय. मावशीनं उंबऱ्यावर दगडानं फोडली, निम्मी मला दिली. मी कागदात परत गुंडाळली.

जाळीला अजून रंग लागला नव्हता. सोनी तिला धरून उभी राहिली, शांताईला धरायची तशी, आणि सळयांवरून बोट फिरवायला लागली. ह्यांचं वेल्डिंग बारीक, मोहरीचे दाणे एकापुढं एक ठेवावेत तसं. रशीदभाईंचं जाड. वरच्या बाजूला माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक जोड हाय, त्यात मोहरीचे दाणे येतात, येतात... आणि मधीच थांबतात, पुढं जाड सुरू होतं. मी तिथं बोट ठेवलं. मावशी म्हणाली, "एवढ्याला रंग नको लावू का?" म्हणलं लावा, गंजेल नायतर.

मग मावशीनं नातवाला आत घेतलं, जाळीचं दार ओढलं, आतून कडी लावून बघितली. एकदा उघडली, परत लावली. मी दोन्ही पोरांना घेऊन बाहेरच्या बाजूला होते, चिखल वाळून भेगा पडल्या होत्या तिथं, जिथं हे उभे होते. बोट अजून जाळीवरच होतं माझं. काढवेना.