‘हो’ म्हणायला काय जातं?

पाळणाघरातल्या मावशीला सगळे मावशीच म्हणायचे. मुलं म्हणायची, मुलांचे आईबाप म्हणायचे, वरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणायचे. एकदा चारचौघांत तिचा नवराही चुकून ‘मावशी’ म्हणून गेला आणि एवढा हशा पिकला की तेव्हापासून बिचारा तिला हाकच मारत नाही. नुसता खाकरतो.

पाळणाघर एका धर्मादाय संस्थेच्या इमारतीत, तळमजल्यावर होतं. एक लांबट खोली, मागे मोरी, पुढे व्हरांडा. भिंतीवर मोठ्यांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र: मांजर, किटली, होडी, शिडी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपली पिशवी सापडली पाहिजे ना! खोलीला कायम दुधाचा, फिनेलचा आणि नुकत्याच वाळलेल्या दुपट्यांचा वास. हे सगळं मावशीने उभं केलं ते समाजसेवा वगैरे म्हणून नव्हे. तरुणपणी ती एका कचेरीत टायपिस्ट होती. मुलगा झाला आणि त्याला ठेवायला भरवशाचं माणूस मिळेना. एका बाईकडे ठेवला, तर संध्याकाळी पोर सकाळच्याच लंगोटात. मावशीने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. स्वतःचं मूल सांभाळताना शेजारणीचं घेतलं, मग तिच्या बहिणीचं, मग कुणाकुणाचं. तो मुलगा आता दाढीमिश्यांचा बाप्या झालाय. पाळणाघरात मात्र दरवर्षी नवी तोंडं आणि तेच जुनं रडं.

या खोलीचा एक नियम होता. मुलांना बागुलबुवा दाखवायचा नाही. पोलीस, झोळीवाला म्हातारा, सुई टोचणारा डॉक्टर, यांच्यापैकी कुणालाही ‘बोलावू का?’ म्हणायचं नाही. आणि ‘देव बघतोय हं, शिक्षा करेल’ हेही म्हणायचं नाही. नवी मदतनीस कामावर आली तेव्हा हे ऐकून तिने कानांवर हातच ठेवले.

“देवाला तुम्ही बागुलबुवाच्या रांगेत बसवलंत, मावशी?”

“मी नाही बसवलं. तुम्ही लोकांनी बसवलं होतं, मी उठवलं,” मावशी म्हणाली.

मावशीचा देवावर विश्वास नव्हता. लोकांना अशा गोष्टीचं कारण हवं असतं. काहीतरी मोठं दुःख झालं असणार, असं धरून ते हळहळायला टपलेले असतात. तसलं काही नव्हतं. लहानपणी प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे तेव्हा हिचा एक डोळा किलकिला उघडा असायचा आणि त्या डोळ्याला कधी काही दिसलं नाही, एवढंच. त्यावरून ती कुणाशी वाद घालत नसे. नवरा तर पक्का भाविक. रोज सकाळी तो डोळे मिटून बसायचा आणि ही गॅसपाशी उभी राहायची. “तुमच्याकडे देव बघेल, दुधाकडे मी बघते,” म्हणायची. दोघांचा संसार असा सुखाने चालला होता.

मग संस्थेचे जुने अध्यक्ष थकले आणि नवे आले. नवे अध्यक्ष माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. आल्या आल्या त्यांनी गळकी टाकी दुरुस्त केली, जिन्यात दिवे लावले, दवाखान्यात औषधं वेळेवर यायला लागली. पण कामसू माणसाची कामं संपली की त्याचे हात शिवशिवतात. नेमकं तेव्हाच त्यांच्या कानावर गेलं, की संस्थेच्या जागेत मुलं सांभाळणारी बाई देव मानत नाही. सांगणाऱ्याने तिखटमीठ लावूनच सांगितलं असणार.

त्यांची स्वतःची नात याच पाळणाघरात होती, किटलीच्या खुंटीवर. पोर गोड, पण चावरी. एकदा तिने होडीवाल्या पोराच्या दंडाला असा काही चावा घेतला की दातांची पूर्ण कमान उमटली. मावशीने आरडाओरडा केला नाही. ओलं फडकं आणून पोरीच्याच हातात दिलं आणि म्हणाली, “धर इथे. त्याचं दुखायचं थांबेपर्यंत धरायचं.” पोरगी या पायावरून त्या पायावर करत उभी राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “मावशी, कुणी बघितलंच नसतं तर?”

“तरी त्याला दुखलंच असतं ना?”

चमत्कारबिमत्कार काही झाला नाही. त्या आठवड्यात ती आणखी दोघांना चावली. फक्त फडकं आता आपणहून आणायला लागली. मग एक दिवस मावशी मोरीत कपडे पिळत असताना तिने दाराच्या फटीतून पाहिलं. पोरीने शेजारच्या मुलाच्या हातापाशी तोंड नेलं, इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. ती क्षणभर तशीच थांबली आणि तोंड मिटून घेतलं. मावशीला इतका आनंद झाला की तिने हातातला फ्रॉक तिसऱ्यांदा पिळला. पण बाहेर येऊन ती एक अक्षर बोलली नाही.

याच सुमारास अध्यक्ष पाळणाघरात आले. बूट दाराबाहेर काढून, अदबीने.

“बाई, रविवारी पालकांची सभा घेतोय. तिथे सगळ्यांदेखत मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे, तुमचा देवावर विश्वास आहे की नाही. तुम्ही हो म्हणा, विषय तिथेच मिटवू. पण नाही म्हणालात तर ही खोली मला तुमच्याकडे ठेवता येणार नाही. ज्याला वरच्याची भीती नाही त्याच्या हाती मुलं कशी द्यायची, तुम्हीच सांगा.”

झालं! त्या दिवसापासून जो भेटेल तो मावशीला एकच गोष्ट शिकवायला लागला. नणंद मुद्दाम वाट वाकडी करून आली. “वहिनी, हो म्हणायला काय जातं? तोंडातून दोन दात पडणार आहेत का?” मदतनीस तर रडकुंडीला आली होती. तिच्या घरची चूल याच पगारावर पेटायची. “मावशी, एवढं म्हणून टाका हो. एवढंसं खोटं, देव समजून घेईल.”

“अगं, मी त्याला मानत नाही हेच तर लपवायचंय, आणि वर त्यानेच समजून घ्यायचं?”

“तो घेतो,” मदतनीस छातीठोकपणे म्हणाली. “सगळ्यांचं घेतो.”

नवरा रात्रीचं जेवण संपल्यावर खाकरला. “तू हो म्हण. तुझ्या वतीने मी माफी मागतो त्याची. आमची ओळख जुनी आहे.” मावशीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सगळे देवभक्त मिळून तिला देवाबद्दल खोटं बोलायला सांगत होते, आणि तेही तिच्याच भल्यासाठी! राग तरी कुणावर काढायचा? खोली गेली तर मदतनिशीचं काय, मुलांचं काय, आणि या वयात आपलं तरी काय, हे तिला दिसतच होतं. शनिवारी भांडी घासता घासता तिने ‘हो’ म्हणून पाहिलं. तिसऱ्या खेपेला ते बऱ्यापैकी जमलं. तिने ठरवलं, म्हणून टाकायचं.

रविवारी सकाळी खोली भरली. मोठाली माणसं मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती. त्या अवस्थेत कुणालाच गंभीर दिसता येत नव्हतं, तरी सगळे प्रयत्न करत होते. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, संस्कार हा शब्द पुष्कळदा वापरला, आणि मग मावशीकडे वळून सरळ विचारलं, “बाई, तुमचा देवावर विश्वास आहे का?”

उत्तर जिभेवर तयार होतं. सगळ्यांचे चेहरे ‘हो म्हणा, हो म्हणा’ म्हणत होते. अध्यक्षांचासुद्धा! मावशीच्या मनात आलं, हे खोटं कधीच पकडलं जाणार नाही. ज्यांना कळणार नाही ते निर्धास्त होतील, ज्यांना कळेल ते खूश होतील. आणि तिच्या समजुतीप्रमाणे वर बसून ऐकणारंही कुणी नव्हतं. इतकं बिनधोक खोटं माणसाला जन्मात एखादवेळीच मिळत असेल. हे तिला असं लख्ख कळलं, आणि कळल्याबरोबर ते तिच्याच्याने बोलवेना. कुणालाच कळणार नव्हतं, पण तिला स्वतःला तर कळलेलंच होतं. तिची मान ताठ झाली.

“नाही,” मावशी म्हणाली. “माझा नाही विश्वास.”

मदतनिशीने पदर तोंडाला लावला. मागच्या बाकावर नवरा खाकरला, पण का कोण जाणे, जरा ऐटीत खाकरला.

अध्यक्ष गोंधळले. त्यांनी होकाराचीच तयारी केली होती. “मग मला सांगा बाई, दिवसभर ही मुलं तुमच्या ताब्यात. बघायला कुणी नाही. एखाद्याला उपाशी ठेवलंत, धपाटा घातलात, तर आम्हाला कळणारही नाही. देवाची भीती नाही, मग तुम्हाला अडवतं कोण?”

मावशीने खरंच विचार केला. “अडवायला कशाला हवं कुणी? मला धपाटा घालायचाच नसतो, साहेब. पोर रडलं की मला बघवत नाही, म्हणून मी उचलून घेते. तुम्हाला कुणी अडवल्याशिवाय थांबता येत नाही का?”

कुणीतरी हसलं आणि घाईघाईने खोकलं. अध्यक्षांचे कान लाल झाले. “ठीक आहे,” ते म्हणाले. “मी हुकूम सोडणार नाही. पालकांनीच ठरवावं. उद्या ज्यांना मूल इथे ठेवायचंय त्यांनी आणून सोडा. निम्मी मुलं जरी आली तरी खोली यांची. नाही आली, तर किल्ली माझ्याकडे द्या.” पालकांनी नजरा जमिनीकडे वळवल्या.

सोमवारी मावशीने नेहमीच्या वेळी दार उघडलं. चटया अंथरल्या, दूध तापवलं, पेले मांडले. मुलं यायची वेळ झाली. वेळ टळली. रस्त्यावर कुणी नाही. मावशीचे हात चालूच होते. एकदा पुसलेले पेले ती पुन्हा पुसत होती.

“एक शब्द म्हणायचा होता, मावशी,” मदतनीस हुंदके देत म्हणाली.

“हो गं. तेवढाच एक जमला नाही.”

इतक्यात व्हरांड्यात पावलं वाजली. दारात अध्यक्ष उभे! मावशीने मुकाट्याने कमरेची किल्ली काढली. पण अध्यक्षांच्या कडेवर नात होती, खांद्यावर तिची पिशवी होती, आणि पोरीच्या पायांत बूट उलटसुलट घातलेले होते. म्हणजे आजोबांनीच घातले होते.

“किल्ली राहू द्या,” ते म्हणाले. “सून म्हणाली, बाबा, मला कामावर जायचंय, आता तुम्हीच सांगा हिला कुणाकडे ठेवू. म्हटलं, त्यात काय, आपल्या ओळखीत श्रद्धाळू माणसांना काय तोटा! एकेकाचं नाव घ्यायला लागलो. एक बसल्या जागी घोरतो. एकीचा हात सैल. एक गॅसवर भांडं ठेवून तासभर प्रार्थनेला जाते. माणसं सगळी चांगली आहेत हं! पण पोर त्यांच्याकडे द्यायची म्हटलं की मन घेईना. सारखं इथेच यायचं.” त्यांनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “देवावरचा माझा विश्वास जिथल्या तिथे आहे, बाई. पण पोरीच्या बाबतीत तो तुमच्यावर आहे, त्याला मी काय करू?”

मावशीने हात पुढे केले आणि पोरगी सवयीने तिच्याकडे झेपावली.

तेवढ्यात बाहेर एकच गलका झाला. सगळे पालक मघापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानामागे मुलांना घेऊन उभे होते! यायचं प्रत्येकालाच होतं, पण अध्यक्षांच्या डोळ्यांवर पहिलं कोण येणार? ‘तुम्ही व्हा पुढे’, ‘छे छे, आधी तुम्ही’ असं चाललं होतं. खुद्द अध्यक्षच नातीला कडेवर घेऊन जाताना दिसले, आणि बांध फुटला. होडी आली, मांजर आलं, शिडी आली. कालपर्यंत काठावर बसलेल्या एक बाई तर शेजारणीचं मूलही घेऊन आल्या, नावनोंदणीला. पिशव्या पडल्या, बाटल्या गडगडल्या, दोघांनी रडायला सुरुवात केली, तिसऱ्याने साथ दिली. मदतनीस डोळे पुसत हसत होती आणि भलत्याच खुंटीवर भलतीच पिशवी अडकवत होती. आयुष्यात कधी नव्हे ते मावशी कामाच्या वेळी भिंतीला टेकून उभी राहिली. जिंकलो, असं तिला वाटलं, आणि तसं वाटून घ्यायला ती मुळीच लाजली नाही.

पालक कामाला पळाले. अध्यक्ष मात्र व्हरांड्यातल्या खिडकीशी, गजांना नाक लावून उभेच. आत नात चटईवर बसून आपले उलटसुलट बूट काढत होती. मावशी दारात आली.

“साहेब, असं बघत उभं राहायची गरज नाही. जा तुम्ही.”

अध्यक्षांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मग पायऱ्या उतरून ते चालायला लागले, आणि रस्ता वळेपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.