पत्रिकेआधी रक्त

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी एकदा जेवलेलं माणूस ते जेवण जन्मात विसरत नाही. पुरणपोळीच्या ताटाशेजारी वाफाळता चहा. वरणभाताबरोबरही चहाच. पाहुणा बिचकला की त्या आमच्या गावच्या हिंदीमिश्रित बोलीत म्हणतात, "पी लो भिया, आमच्याकडे असंच असतं." कारण त्यांचा मुलगा चिनू. त्याला थॅलेसेमिया आहे. त्याचं स्वतःचं रक्त टिकत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं. त्यातून अंगात लोह साचतं, ते काढायला रोज गोळ्या. चहाने जेवणातलं लोह कमी मुरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग पोराला एकटं वाटू नये म्हणून अख्खं घर आणि आलागेला जेवताना चहा पिऊ लागला.

चिनू तान्हा असताना पांढराफटक पडायचा. एक डॉक्टर म्हणाले, "खून की कमी है," आणि लोहाचं टॉनिक दिलं. आम्ही वर दुधात खजूर वाटून घालत होतो. पोर आणखी सुकलं, पोट फुगलं. मोठ्या दवाखान्यात रक्ताची वेगळी तपासणी झाली तेव्हा खरा आजार कळला. घरी येऊन जाऊबाईंनी लोखंडी तवा, कढई, अगदी सांडशीसुद्धा भंगारात दिली. "सांडशी कोण खातं?" थोरल्या दिरांनी विचारलं. "मला दिसायलाही नको," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून कुठेही सोयरीक निघाली की त्या पत्रिकेआधी रक्ताचं विचारतात. बायका त्यांना बोलण्यांच्या वेळी टाळतात. त्या न बोलावता जातात.

माझ्या मुलीला बघायला विजय नगरची मंडळी आली, तेव्हाही त्या हजर होत्या. मुलीला मुलगा मनापासून आवडला होता. पोहे संपायच्या आत जाऊबाईंनी विषय काढलाच. "आमच्या मुलीच्या रक्तात थॅलेसेमियाचा अंश आहे. तिला त्रास काही नाही. पण तुमच्या मुलाचंही तपासून घ्या."

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "आमच्या मुलात खोट आहे म्हणता?"

"मी ठणठणीत, माझे हे ठणठणीत. दोघांतही तो अंश होता, कोणाला ठाऊक नव्हतं. चिनू, इकडे ये रे."

चिनू आता नोकरी करतो. तो येऊन मुलाला म्हणाला, "एक सुई की तो बात है, भिया. मी येतो सोबत. तिथे सगळे मला ओळखतात."

मुलगा हसून हो म्हणाला. त्याची आई पोहे तसेच टाकून निघाली. पुढचे दिवस माझी मुलगी फोन हातातून सोडत नव्हती, आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. शेवटी विहीणबाईंचाच फोन आला. मुलाच्या रक्तात अंश नव्हता. "तुमच्या जाऊबाईंना सांगा, धाकट्याचंही तपासून घेतलं," त्या म्हणाल्या. इतकी ताठ मान माझी आयुष्यात कधी झाली नसेल.

हळदीच्या दिवशी चिनू सगळ्यांना नाचवत होता, मध्येच दम लागून खुर्चीत टेकत होता. मी धीर करून विचारलं, "जाऊबाई, तुमच्या लग्नाच्या वेळी कोणी असं विचारलं असतं तर?"

"तर लग्न मोडलं असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चिनूकडे बघितलं. "आणि हा नसता गं."

चिनूने हात करून त्यांना बोलावलं. त्यांनी पदर खोचला आणि गेल्या. ढोल जोरात वाजत होता, पण त्या त्याला झेपेल इतकं हळू नाचत होत्या.