भिजवलेली पाकिटं

प्लेनोच्या प्रवासाबद्दल कुणी विचारलं, की मी तिथले रुंद रस्ते आणि प्रचंड घरं यांच्याबद्दल बोलतो. एलेनीबाईंचा विषय मात्र इतकी वर्षं टाळला. आता सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकात, एका मे महिन्यात, मी टेक्सासमधल्या प्लेनोला माझा मित्र डॉक्टर वसंता याच्याकडे गेलो. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि नागपूरचंच ऊन अंगावर आलं.

"मला परत पाठवलं की काय?"

"गाडीत बस यार, एसी ऑन केलाय," वसंता हसला.

दुसऱ्या सकाळी मागच्या कुंपणावर एक हिरवा सरडा गळ्याची गुलाबी पिशवी फुगवत बसला होता. मी टक लावून बघत होतो. पलीकडून शेजारीणबाई म्हणाल्या, "भीती नाही वाटत? मग या आत."

या एलेनीबाई, मूळच्या सायप्रस बेटावरच्या. कडू, दाट कॉफी पाजून त्यांनी बुटांचा एक खोका उघडला. आत जुनी पाकिटं होती आणि त्यांवरच्या तिकिटांवर त्यांच्या बेटावरचे प्राणी: सापसुरळी, लांबलचक काळा साप, कुर्कुटास (खडकावर ऊन खाणारा सरडा). मी तिकिटांचा वेडा, हे त्यांनी ओळखलं.

"घेऊन जा. निवांत बघा."

आपल्याकडे पाकिटावरचं तिकीट म्हणजे आधी कोमट पाण्यात. लहानपणापासून हाताला तेच वळण. मी तिकिटं सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली, जाड कागदावर ओळीनं लावली. बाई खूश होतील असं वाटलं. पत्त्यांची शाई पाण्यात उतरली होती. ओली पाकिटं मी कचऱ्यात टाकली आणि सकाळी गाडी कचरा घेऊन गेली.

वसंतानं तो कागद बघितला आणि जागीच थांबला.

"पाकिटं कुठायत? अरे, त्यांची बहीण वारली. पत्रं घर बदलताना हरवली. तिचं अक्षर फक्त त्या पत्त्यांत उरलं होतं!"

पाकिटं कचऱ्यात गेल्याचं मी सांगितलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात एलेनीबाई.

"छान लावलीत," त्या म्हणाल्या. मग, "आणि पाकिटं?"

मी तोंड उघडायच्या आत वसंताची बायको, शैलजावहिनी, पुढे झाल्या. "माझ्या हातून त्यांच्यावर पाणी सांडलं. भावजींनी तिकिटं तरी वाचवली."

पाहुण्याला बोल लागू नये, म्हणून. मी थक्क झालो. त्याहून मोठा धक्का मला माझाच बसला: मी मान खाली घातली. एलेनीबाईंनी माझा हात हातात घेऊन माझे आभार मानले. वहिनींकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, मी सांगतो त्यांना."

"राहू द्या हो. चार दिवस आलात. आम्ही घेऊ सांभाळून."

ते सांभाळलं गेलं नाही. रोज कुंपणावरून टोमॅटो आणि पुदिना यांची देवघेव करणाऱ्या त्या दोघी माझ्या मुक्कामात पुन्हा एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी निघालो तेव्हा एलेनीबाई वहिनींना ओलांडून माझ्याकडे आल्या आणि प्रवासासाठी बदामाच्या वड्या दिल्या. मी त्या घेतल्या.

मुंबईला उतरेपर्यंत मी इंग्रजीत वाक्यं जुळवत होतो. फोन लावण्याचं धाडस कधी झालं नाही. पुढे वसंतानं कळवलं, एलेनीबाई गेल्या. शैलजाशी अबोला तसाच राहिला.

वाक्यं अजून पाठ आहेत. बाई, तुमच्या बहिणीचं अक्षर मी पुसलं. शैलजाचा काही दोष नव्हता. मला माफ करा.