व्हरांड्यातली संत्री

माझा थोरला भाऊ विदर्भातून संत्री घेऊन दिल्लीला आला, तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहत होतो. बाजारात स्टिकर लावलेली परदेशी सफरचंदं नुकतीच दिसू लागली होती. दादाच्या गावचे लहान बागवाले दरवर्षी झाडावरचीच संत्री व्यापाऱ्याला द्यायचे, तो म्हणेल त्या भावाने. त्यांनी मिळून सहकारी संस्था काढली आणि दादाला चिटणीस केलं. बोलायची हौस त्यालाच. दिल्लीत थेट विक्री जमली तर पुढचा माल संस्थेने पाठवायचा, नाही जमली तर बागा पुन्हा व्यापाऱ्याकडे, असं ठरलं होतं.

पेट्या आमच्या व्हरांड्यात रचल्या. ह्यांनी ऑफिसात सांगून ठेवलं, त्यामुळे संध्याकाळी कॉलनीतल्या बायका आल्या. आता आमच्याकडे बागेत आलेल्या माणसाला पोटभर संत्री खाऊ घालतात. त्याचे पैसे घेणं म्हणजे लाज. दादाने प्रत्येकीला खुर्ची दिली, संत्रं सोलून हातावर ठेवलं, वर पाणी विचारलं. बायकांनी मुलांनाही हाका मारल्या. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजारणीने संत्री गोड असल्याचं कौतुक केलं, तर दादाने तिच्या ओढणीत आणखी घातली. दुसऱ्या दिवशी ती बहिणीला घेऊन आली.

रात्री हे म्हणाले, "साळेबुवा, संस्था विक्रीसाठी काढलीत की अन्नछत्रासाठी?"

दादा मान खाली घालून म्हणाला, "भाऊजी, बहिणीच्या घरी आलेल्या माणसाला भाव कसा सांगू?" मग म्हणाला, गावी सगळे वाट बघतायत, त्यांना काय सांगू. त्या दिवशी त्याने एकच पोळी खाल्ली.

मी चौथी शिकलेली, दोन पुरुषांच्या बोलण्यात कधी न पडणारी. ताट उचलता उचलता म्हटलं, "दादा, पेट्या फाटकाबाहेर ने. तिथे माझं घर नाही."

सकाळी पेट्या कडुनिंबाखाली गेल्या. हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले, ऑफिसातल्या साहेबांनी बघू नये म्हणून. साहेब आलेच, आणि पिशवी भरून घेऊन गेले. शेजारणीने सवयीने हात पुढे केला. दादाने एक फोड दिली आणि सरळ तराजू उचलला. ती हसली, घासाघीस केली, पैसे दिले. मी व्हरांड्यातून बघत होते; एक बाई भाव कमी करून घ्यायला माझ्याकडे वळली, तर दादा घाईने म्हणाला, "अंदर मत जाइए बहनजी, अंदर फुकट है."

दिवेलागणीला पेट्या रिकाम्या झाल्या. एसटीडी बूथवरून दादाने गावी फोन लावला. दुसरी गाडी भरा, हे त्याने एवढ्या मोठ्याने सांगितलं की फोनची गरज नव्हती. मग जन्मभर दिल्लीत धंदा केल्यासारखा समजावू लागला की इथे माल नेहमी घराबाहेर मांडायचा असतो, त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

हे माझ्याकडे बघून हसू दाबत होते. मी बूथच्या काचेवरची अक्षरं वाचत राहिले.