हार्ट रूमचं सर्टिफिकेट

हरणाबाई नापास झाली ती दोन चमचे पाण्यापायी. अभ्यास कमी पडला असता तर तिनं मुकाट्यानं मान खाली घातली असती. पण अभ्यासात ती सगळ्या नर्सबायकांच्या पुढं होती, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

१९७८ सालची गोष्ट. कराडच्या एका इस्पितळात हृदयरोग्यांसाठी तीन खाटांची वेगळी खोली निघाली होती. तिला सगळे हार्ट रूम म्हणायचे. ती उभी केली साताऱ्याच्या एका निवृत्त लष्करी डॉक्टरांनी. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, नुसतं कर्नल. माणूस म्हणजे सुतळी बॉम्ब, कधी वाजेल नेम नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बायकांना सांगून टाकलं, "हृदय बंद पडलं की आपल्या हातात चार मिनिटं असतात. डॉक्टर जिना चढेपर्यंत ती संपतात. म्हणून हे शिकायचं. जी पास होईल तिला सर्टिफिकेट. तिनं माझी वाट न बघता उपचार सुरू करायचे. जी नापास, तिनं परत जनरल वॉर्डात जायचं."

हरणाबाई म्हसवडकडच्या माळावरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सातवी शिकून नर्सिंगला आली होती. इंग्रजी पुस्तक तिला जड जायचं, पण ती हटली नाही. औषधांची नावं तिनं मराठीत लिहून काढली आणि भाकरी थापता थापता घोकली. हृदयाच्या रेघांचे कागद मात्र तिला पुस्तकाशिवायच कळायला लागले. दहा ठोके सरळ आणि अकरावा वाकडा असला की ती लगेच बोट ठेवायची. कर्नल एकदा म्हणाले, "कुणी शिकवलं हे?" ती म्हणाली, "साहेब, दोनशे मेंढरांत एक लंगडत असलं तर आमाला लांबनं दिसतं. ह्ये तर हाताएवढ्या अंतरावर हाय."

आता इतकी जिद्द कशासाठी, तर त्यालाही कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा जोतिबा गावाकडं अंगणातच कोसळला होता. ती तेव्हा रजेवर घरीच होती. माणसं जमली, त्याला घोंगड्यावर घेतलं, आणि रीतीप्रमाणं प्रत्येकानं त्याच्या तोंडात पाणी घातलं. हरणाबाईनंही घातलं. नर्स असून घातलं. पुढं कर्नलांच्या तासाला तिनं ऐकलं, की बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि उरलासुरला श्वासही कोंडतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आपण नवऱ्याला वाचवू शकलो असतो की नाही हे देवाला ठाऊक. पण आपण त्याला मारायला हातभार लावला, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

आणि तरीही परीक्षेत घोटाळा झाला. खोटा पेशंट म्हणून कोंड्यानं भरलेलं पोतं खाटेवर ठेवलं होतं. हरणाबाईनं त्याच्या पाठीखाली फळी सारली, छातीवर तळवे टेकले आणि दाबायला लागली. पंधरा दाब, मग श्वास द्यायच्या रबरी फुग्यानं दोन श्वास. बेस्ट चाललं होतं. तेवढ्यात कर्नलांनी डोळ्यानं खूण केली आणि कंपाउंडर नानासो हातात वाटी घेऊन पुढं आले. पन्नाशीचा माणूस, पण गावच्या नाटकात काम केलेला. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, सरा जरा. बापाच्या तोंडात गंगाजल घालतो."

हरणाबाई सरली.

विचार करून नाही सरली. लहानपणापासून बघितलेलं असं, की पाणी घेऊन लेक आला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. हात आपोआप उचलले गेले. कर्नलांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अकरा सेकंद हात थांबले. नापास."

ती बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिली. रडली नाही, पण स्वतःचाच भयंकर राग आला. मग तशीच परत आत गेली. "साहेब, अजून एक डाव द्या." कर्नल म्हणाले, "पोत्यावर कुणीही करेल. तुमची परीक्षा आता खऱ्या पेशंटवर. मी मागं उभा राहीन. तोवर पाठ पक्का करा."

झालं, दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत पोतं आणि हरणाबाई. नानासोंना तिनं बोलावलंच. "तुमीच नापास केलंय मला, आता तुमीच तयार करा. रडा, वरडा, हात धरा, काय वाट्टेल ते करा." नानासोंना तेवढंच पाहिजे होतं. कधी थोरला लेक व्हायचे, कधी म्हातारी बायको. एकदा तर असा काही हंबरडा फोडला, की शेजारच्या वॉर्डातली माणसं धावत आली आणि पोतं बघून नानासोंना शिव्या घालून गेली. हरणाबाईचे हात मात्र चालूच होते. महिनाभरात तिच्या तळव्याला घट्टे पडले.

मग हार्ट रूममध्ये लालासाहेब दाखल झाले. औंधाकडचे, फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, दिलखुलास माणूस. हरणाबाईला म्हणायचे, "बाई, तुमच्या कर्नलाला सांगा, चहात साखर घालायची ऑर्डर काढा." तिसऱ्या दिवशी चार वाजता, भेटायच्या वेळेला, त्यांचा लेक मानसिंग आणि बायको मनुबाई खाटेजवळ बसले होते. बोलता बोलता लालासाहेबांची मान कलंडली. उशाच्या मशीनच्या पडद्यावरची हिरवी रेघ वेडीवाकडी नाचायला लागली.

हरणाबाईनं फळी सारली आणि सुरू केलं. कर्नल आले. झटक्याच्या मशीनचा एक झटका दिला, दुसरा दिला. रेघ तेवढ्यापुरती जाग्यावर यायची आणि पुन्हा बिघडायची. नानासो इंजेक्शनं भरत होते. मनुबाई भिंतीला टेकून बसली होती. मानसिंगनं पिशवीतनं देवघरातली गंगाजलाची तांब्याची लोटी काढली आणि पुढं आला.

"बाई, बास करा आता. आण्णांच्या तोंडात पानी घालू द्या."

"न्हाई."

"माझा बाप हाय त्यो."

"म्हणूनच न्हाई. श्वासात पानी जाईल त्यांच्या. मागं व्हा."

मानसिंगनं तिचं मनगट धरलं. तिनं कोपरानं त्याला ढकललं आणि मोजत राहिली. अकरा, बारा, तेरा. पाऊण तास ती, कर्नल आणि नानासो आळीपाळीनं झुंजले. शेवटी रेघ सपाट झाली आणि सपाटच राहिली. कर्नल हळू आवाजात म्हणाले, "पुरे, बाई."

हरणाबाई बाजूला झाली. घामानं लुगडं पाठीला चिकटलं होतं. ती मानसिंगला म्हणाली, "घाला आता पानी."

मानसिंग लोटीकडं बघत राहिला. "आता मड्याच्या तोंडात घालू व्हय? माझा बाप तान्हेला गेला, बाई. तुमच्यापायी."

त्याच संध्याकाळी कर्नलांनी सर्टिफिकेटवर सही केली. हरणाबाईनं ते घेतलं, पदराला हात पुसून घेतलं, पण तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता. म्हणाली, "साहेब, माझं बरोबर होतं. पर त्यो बी चुकला न्हाई."

"मग पुढच्या वेळी थांबणार?"

"न्हाई. थांबणार न्हाई."

"मग प्रश्न कुठं उरला?"

"उरलाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

आठ दिवस तिचं कशात लक्ष लागेना. मानसिंगचं वाक्य कानातनं जाईना. नवव्या दिवशी नवा पेशंट आला, धोतरवाला म्हातारा, स्ट्रेचरवर उठून बसलेला, चांगला शुद्धीवर. हरणाबाईनं त्याच्या सुनेला विचारलं, "कुठल्या देवाचं तीर्थ आणलंय का? मग आत्ताच दोन चमचे द्या." गंगाजल हा शब्द तिनं काढला नाही, नाहीतर म्हातारा भीतीनंच गेला असता. पण त्या तीर्थात गंगाजलाचे दोन थेंब मिसळायचे, हे तिनं सुनेला दाराआड सांगितलं. म्हातारा तीर्थ पिऊन हात जोडून खाटेवर आडवा झाला. मग तिनं त्याच्या छातीला मशीनच्या तारा लावल्या. पुढं प्रत्येक पेशंटला हेच.

कर्नलांना कळलं तेव्हा ते फटाफट वाजले. "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात न्हाई, साहेब. चार मिनिटं हातात असत्यात, त्यातलं अर्धं मिनिट घरच्यांशी भांडण्यात जातंय. त्यांचं आधीच हून गेलं तर मधी कोन येनार न्हाई."

कर्नल म्हणाले, "दोनच चमचे. तिसरा नाही."

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली. एका सकाळी मानसिंग दारात उभा राहिला. बरोबर मनुबाई, छाती दाबून धरलेली, ओठ सुकलेले. आता हा काय बोलणार, म्हणून हरणाबाई सावरून उभी राहिली.

"दुसरीकडं न्या म्हणत हुती माणसं," मानसिंग म्हणाला. "म्या म्हणलं, न्हाई. आण्णांसाठी पाऊण तास कोन झगडलं ते म्या बघितलंय." मग म्हणाला, "नानासोंनी तुमची नवी रीत सांगितली."

त्यानं पिशवीतनं लोटी काढली आणि आईच्या ओठाशी धरली. "आये, यमाईचं तीर्थ हाय. घे."

मनुबाईनं लोटीकडं बघितलं. ती लोटी तिनंच चाळीस वर्षं देवघरात घासून ठेवलेली. आत काय आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं. दोन घोट घेतले आणि हरणाबाईचा हात धरून खाटेवर आडवी झाली.

मानसिंगनं लोटीचं झाकण लावलं. "आता तुमचं काम," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन त्यानं दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं.