तिसरं बास

कोर्टवर आल्या की दोनाताई आधी दहा मिनिटं काहीच करत नसत. बाकावर बसायच्या, दोन्ही हात मांड्यांवर, डोळे अर्धे मिटलेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्या बहुतेक रडतायत. मी रॅकेट घेऊन कुंपणाजवळ उभी राहिले. मग त्यांनी एक डोळा उघडला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "शरीराला निरोप पाठवलाय, बाई आजही खेळणार आहे. उत्तर यायला वेळ लागतो."

त्यांचं नाव दोनातेल्ला. आमच्या चिंचवडच्या सोसायटीचे वॉचमन शिंदेमामा मूळचे मावळातले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या नावाचं 'दोनाताई' करून टाकलं. "येवढं लांब नाव कोन घील? ताई म्हनलं की झालं," असं मामांचं म्हणणं. ताईंना ते इतकं आवडलं, की दारावरच्या पाटीवरही त्यांनी तेच लिहून घेतलं. नवरा पाओलो महाळुंग्याच्या एका कारखान्यात रंगकामाची यंत्रं बसवायला आला होता. करार मार्चपर्यंतचा होता. शेजारीपाजारी विचारत, की ह्या काय करतात. पाओलो सांगायचे, "टेनिस खेळायची." ताई लगेच दुरुस्त करायच्या, "खेळते."

वीस वर्षं त्या व्यावसायिक टेनिस खेळल्या होत्या. हे ऐकून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना टीव्हीवर कधी पाहिलं ते आठवून बघितलं. अर्थातच आठवलं नाही. "ते टेनिस वेगळं," ताई म्हणाल्या. "आमचं टेनिस म्हणजे हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुणं. दिवसा मॅच, संध्याकाळी धुणं. सकाळी मोजे वाळलेले नसले तर ओलेच घालायचे." ट्युनिशिया, इजिप्त, तुर्कस्तान अशी लहान गावांतली लहान स्पर्धांची यादी त्यांना तोंडपाठ होती. पण त्या गावांबद्दल काही विचारलं, की त्यांना फक्त बसस्टँड आणि कोर्टाची जमीन आठवायची. कुठे लाल माती, कुठे सिमेंट. खोलीचं भाडं निम्मं व्हावं म्हणून कधीकधी त्या दुसऱ्या दिवशी जिच्याशी खेळायचं तिच्याच खोलीत झोपायच्या. "दोघींनाही झोप लागायची नाही," त्या म्हणाल्या, "पण दिवा कोणी लावायचं नाही."

सरावाला त्यांनी मलाच का निवडलं, ते त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी शाळेत टेनिस खेळले होते, पण मला जिंकायला कधी जमलं नाही. मी फक्त चेंडू परत पाठवत राहायचे. कोणाला त्रास होईल असं काही करणं माझ्या स्वभावातच नाही. ताईंनी मला दोन दिवस गॅलरीतून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाल्या, "केतकी, तू भिंत आहेस. मला भिंत हवीये." मला वाईट वाटलं नाही. माझ्याबद्दल इतकं अचूक कोणी बोललं नव्हतं. मला माणच्या ऑफिसला नेणारी कंपनीची बस सव्वाआठला यायची. त्याआधी दीड तास आम्ही रोज खेळू लागलो.

आमचं कोर्ट बिल्डरने माहितीपत्रकात दाखवायला केलेलं. गणपतीत त्यावर मांडव पडतो. खांबांचे चार खड्डे दर वर्षी सिमेंटने बुजवले जातात आणि दर वर्षी त्यांची टेंगळं वर राहतात. चेंडू टेंगळावर पडला की भलतीकडेच जातो. सोसायटीचा नियम असा, की तो 'बाप्पाचा बॉल', गुण परत खेळायचा. ताईंनी हा नियम कुठलाही वाद न घालता मानला. एकदा तर सरळ जाळ्यात मारलेल्या चेंडूवरही त्या "बाप्पा" म्हणाल्या. शिंदेमामा तिकडून ओरडले, "न्हाई ताई, जाळ्यात बाप्पा न्हाई चालत."

ताईंना काय हवं होतं ते मला नोव्हेंबरात कळलं. जानेवारीत पुण्यात एक छोटी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार होती. तिच्या पात्रता फेरीत जागा रिकाम्या राहिल्या, तर आयत्या वेळी नाव देता येत होतं. ताईंनी फोनवर मला त्यांचा शेवटचा निकाल दाखवला, तीन वर्षांपूर्वीचा. स्कोअर, आणि त्यापुढे तीन इंग्रजी अक्षरं. सामना अर्धवट सोडला, असा त्यांचा अर्थ. उजवा खांदा तेव्हाच गेला होता.

"मला जिंकायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "मला पूर्ण हरायचंय. शेवटच्या गुणापर्यंत. माझ्या नावापुढे ही अक्षरं शेवटची नकोत."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की खांदा आणखी फाटला तर शस्त्रक्रिया अटळ आहे, आणि त्यानंतरही हात वर करून केस विंचरता येतील याची खात्री नाही. पाओलो हे मला लिफ्टमध्ये दोनदा सांगून गेले. मी मान हलवली. दोन्ही बाजूंना होकाराची मान हलवणं मला चांगलं जमतं.

त्याच सुमारास माझ्या आईने ताईंना जेवायला बोलावलं. भरली वांगी, ज्वारीची भाकरी. ताईंनी दीड भाकरी खाऊन "बास" म्हटलं. आपल्या इटालियन 'बास्ता'सारखाच शब्द इथेही आहे, याचा त्यांना फार आनंद झाला होता. आईने चतकोर वाढली. "बास," ताई पुन्हा म्हणाल्या. "बास काय, भाजी उरलीये नुसती," म्हणत आईने आणखी चतकोर वाढली. मग ताईंनी दोन्ही हात ताटावर धरले तेव्हा आई थांबली.

"इटलीत एकदा म्हटलं की पुरतं," ताई मला म्हणाल्या.

आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "तिला सांग, पहिलं बास लाजेचं, दुसरं रीतीचं. तिसरं पोटाचं. तेच खरं."

मी भाषांतर केलं तेव्हा ताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कोर्टवर मी धापा टाकत "बास" म्हटलं, की पलीकडून प्रश्न यायचा, "कितवं?" मला खरं सांगावं लागायचं. बहुतेकदा ते पहिलंच असायचं.

जानेवारीत त्यांना जागा मिळाली. समोर सोळा-सतरा वर्षांची मुलगी. पात्रता फेरी, त्यामुळे प्रेक्षक म्हणजे तिचे आईवडील, पाओलो आणि रजा टाकून आलेली मी. पहिला सेट ताईंनी चार-सहा असा दिला, पण छान खेळून दिला. दुसऱ्या सेटमध्ये एक-तीन असताना त्यांनी सर्व्हिससाठी हात वर नेला आणि तो वर गेलाच नाही. रॅकेट हातातून सुटली. त्यांनी ती डाव्या हाताने उचलली.

पाओलो कुंपणाला धरून म्हणाले, "बास्ता, दोना."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "पहिलं."

पुढची सर्व्हिस त्यांनी खालून केली, लहान मुलं करतात तशी. समोरच्या मुलीला काय करावं कळेना. ती हळू मारू लागली. "आंटी, आर यू ओके?" तिने विचारलं. ताई चालत जाळ्यापर्यंत गेल्या. "आंटी ठीक आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तू जोरात मार. हळू मारलंस तर हे मोजलं जाणार नाही."

पाओलो माझ्याजवळ आले. "तू सांग तिला," ते म्हणाले. "माझं ऐकत नाही. तू एक शब्द बोललीस तर थांबेल. प्लीज."

ते खरं होतं. मी 'थांबा' म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. शिक्षकांना नाही, मॅनेजरला नाही, लिफ्टमध्ये यांनाही नाही. कोर्टावर ताई घाम पुसायच्या निमित्ताने खांदा दाबून धरत होत्या.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले.

पाओलो पार्किंगकडे निघून गेले. मी बरोबर केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एप्रिलमध्ये, इटलीला परतल्यावर, ताईंची शस्त्रक्रिया झाली. आता त्या डाव्या हाताने केस विंचरतात, भावाच्या फरशांच्या दुकानात बसतात, आणि फोनवर मला म्हणतात की दुकानात बसूनही तितकंच दमायला होतं. तक्रार नसते ती. नुसती माहिती.

उरलेले तीन गेम फार वेळ चालले नाहीत. ताई जवळजवळ प्रत्येक गुण हरल्या आणि प्रत्येक चेंडूमागे गेल्या, पोचणार नाही हे दिसत असतानाही. शेवटचा चेंडू त्यांच्या रॅकेटच्या कडेला लागून बाहेर गेला. त्यांनी डावा हात पुढे केला. ती मुलगी रडत होती. ताईंनी तिला सांगितलं, की उद्या मॅच आहे, मोजे धुऊन ठेव.

परतताना नाशिक फाट्याच्या अलीकडे गाडी अडकली. पाओलो पुढे ड्रायव्हरशेजारी, मान समोर. मागे ताई खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेल्या. तोपर्यंत निकाल वेबसाइटवर आला होता. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

"वाच."

"चार-सहा, एक-सहा."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"अक्षरं?"

"नाहीत."

त्यांनी डोळे मिटले आणि डोकं काचेला टेकवलं. बाजूच्या ट्रकचा हॉर्न वाजत राहिला. मला वाटलं झोपल्या.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. या वेळी पुढच्या सीटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.